टक टक म्हणजे चूक

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पटली, नाही तर सोडून द्या.

घडली ती माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी. चियाकमस नदीच्या काठावर, आम्हा मूळ रहिवाशांच्या वस्तीत. साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव, नोव्हेंबर महिना. चम सालमन मासे नदीतून वर चढत होते आणि काठच्या उघड्या झाडांवर गरुड येऊन बसले होते.

रात्र नव्हती.

हे आधीच सांगते, कारण भुताची गोष्ट म्हटली की लोक लगेच काळोख शोधतात. इथे सगळं दिवसाढवळ्या झालं, शेगडीवर चहाचं आधण असताना. म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते. रात्रीच्या भीतीला निदान सकाळ तरी असते.

मावशीचं नाव रोवीना. वस्तीतल्या पोरांना ती आमची भाषा शिकवायची, स्निचिम. सभागृहाच्या मागच्या खोलीत वर्ग भरायचा. माझी टेसा तेव्हा चार वर्षांची, वर्गातली सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात आगाऊ.

रोवीना शिकली ती तिच्या आजीकडून. आजीला आम्ही ताआ म्हणतो. तिचं खरं नाव मी इथे घेणार नाही. आमच्यात माणूस गेलं की त्याचं नाव घेत नाहीत. पुढे ते कुणाला तरी द्यायचं असतं, मग ते पुन्हा तोंडात येतं. ताआचं नाव अजून कुणाला दिलेलं नाही. का, ते शेवटी कळेल.

ताआ म्हणजे एक प्रकरण होतं.

ती धुरीघरात, म्हणजे मासे टांगून धुरावर वाळवायच्या खोपटात, मासे चिरता चिरता शिकवायची. समोर फळी, फळीवर मासा, हातात सुरी. एक शब्द म्हणायची. आपण तो परत म्हणायचा. चुकलं की मान वर न करता सुरीची मूठ फळीवर आपटायची.

टक टक.

म्हणजे चूक. पुन्हा म्हण.

आणि बरोबर आलं तर? काही नाही. गप्प. पुढचा मासा, पुढचा शब्द. तिला तीन भाषांत शिव्या येत होत्या, पण शाबासकी एकाही भाषेत येत नव्हती. रोवीना तिच्या हाताखाली लहानाची मोठी झाली, तरी "छान" म्हणून तिच्या कानावर कधी पडलं नाही. ती ते हसून सांगायची. पण पोटात कुठेतरी ते सलत होतं, हे मला माहीत आहे. दुसऱ्याच्या पोराने शब्द बरोबर म्हटला की ती त्याला उचलून घ्यायची, ते काय उगीच नाही.

ताआ थकायला लागली तशी रोवीनाने तिचा आवाज कॅसेटवर भरून घेतला. तिथेच, धुरीघरात. कॅसेट लावली की आधी ताआचा शब्द. मग जरा मोकळी जागा. मग रोवीनाचा आवाज, तोच शब्द म्हणणारा. मग एक तर टक टक, नाही तर नुसता मासा फळीवर पडल्याचा आवाज. अशा डबाभर कॅसेट होत्या, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात.

विद्यापीठातली माणसं त्यांची नक्कल मागायला आली होती. ताआने त्यांना चहा पाजला, मासे बांधून दिले आणि वाटेला लावलं. "माझा आवाज माझ्या घरात राहील," म्हणाली. त्यामुळे नक्कल कधी निघालीच नाही.

हे लक्षात ठेवा.

ताआ गेली ती आदल्या हिवाळ्याच्या शेवटी. रीतीप्रमाणे सगळं केलं. सीडरच्या फांद्यांनी घर झाडून घेतलं. तिचे कपडे, शाल, जोडे, कप, ती सुरीसुद्धा, सगळं तिच्यामागे आगीतून पाठवलं. ताट वाढलं. धुरावलेला मासा, बोरं, दूध घातलेला चहा. ताटही आगीला दिलं. हे काम आमच्याकडे तेव्हा मॅडलीन करायची. ती तेव्हाच फार म्हातारी होती. ज्याचं ताट त्याला ती हाक मारून जेवायला बोलवायची, आणि कोण आलं, जेवलं की नाही, ते तिला दिसायचं. तिलाच दिसायचं.

आग खाली बसत आल्यावर मॅडलीनने विचारलं, "तिचं काही मागे राहिलंय का?"

"नाही," रोवीना म्हणाली.

शेजारी तिचा मावसभाऊ उभा होता, लायनल. ताआचाच नातू. त्याने नुसतं रोवीनाकडे बघितलं.

घरी आल्यावर म्हणाला, "तो डबा?"

"तो ताआचा नाही. कॅसेट माझ्या आहेत. मी विकत आणल्यात."

"कॅसेट तुझ्या गं. आवाज कुणाचा?"

"आणि आवाज जाळला तर पोरांना कोण शिकवणार, तू? तुला 'मासा' आणि 'बस खाली' याच्यापुढे काय येतं?"

"'जेवायला चला' पण येतं."

"तेवढ्यावर भाषा टिकेल हं आपली!"

लायनल हसला नाही. एरवी हसला असता. "रोवीना, शालीशिवाय माणूस जाईल. आवाजाशिवाय कसं जाईल?" एवढंच म्हणाला आणि गेला.

रोवीनाने डबा पलंगाखाली सरकवला. तिचंही चुकलं, असं मला म्हणवत नाही. आमच्या वाडवडलांच्या काळात कॅसेट नव्हत्या. कपड्यांचं काय करायचं ते त्यांनी सांगून ठेवलंय, ताटाचं सांगून ठेवलंय. आवाज मागे राहिला तर काय करायचं, हे कुणी सांगितलंच नाही.

सात-आठ महिने काही झालं नाही.

मग नोव्हेंबर आला. मासे आले. धुरीघर पुन्हा पेटलं.

एका दुपारी रोवीना दुसऱ्या दिवसाच्या वर्गाची तयारी करत बसली होती. धुराचा शब्द ऐकायचा होता. तिने कॅसेट लावली...

खरखर.

मग तिचा स्वतःचा आवाज, धुराचा शब्द म्हणणारा. मग टक टक.

ताआचा शब्द नव्हता.

तिने कॅसेट मागे नेली, पुन्हा लावली. तेच. रोवीनाचा आवाज होता, मासा पडल्याचा आवाज होता, टक टक होती. फक्त ताआचा शब्द जिथे असायला हवा तिथे खरखर.

जुनी झाली असेल, म्हणून तिने सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पावसाचा शब्द गेला. मग होडीचा. मग एका सपाट्यात सगळ्या नात्यांचे शब्द गेले.

आता तुम्हीच सांगा. कॅसेट खराब होते तेव्हा ती निवडून खराब होते का? तांदळातले खडे वेचावेत तसा कुणीतरी एकाच बाईचा आवाज वेचून नेत होतं. बाकी सगळं जागच्या जागी. यंत्राला एवढी अक्कल नसते. हे माणसाचं काम.

आणि माणूस कोण, ते रोवीनाला वेगळं शोधायची गरज नव्हती.

धुरीघर तिच्या परसात. आल्डरची लाकडं सारायला लायनल रोज येणार. घराची किल्ली त्याच्याकडे. आवाज जाळायला हवा म्हणणाराही तोच. त्याच्या गाडीत टेप होता, आणि गाडीत बसून तो काय करत असतो कुणास ठाऊक.

ती त्याच्यावर पाळत ठेवायला लागली. तो चहा प्यायला आत आला की ती पलंगाच्या खोलीचं दार ओढून घ्यायची. तो गेला की डबा तपासायची. एकदा तिने डब्याला सुताचा दोरा बांधला, गाठ स्वतःची अशी खास. सोडली तर कळलं असतं.

संध्याकाळी बघितलं. गाठ तशीच होती.

आत आणखी एक शब्द गेलेला होता.

शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. पण संशय एकदा डोक्यात शिरला की माणूस पुरावा उलटाच वाचतो. ती मला म्हणाली, "बघ, गाठसुद्धा माझ्यासारखी बांधायला शिकलाय मेला!"

भांडण झालं ते मासे चिरायच्या टेबलाशी, चारचौघांत. मी मासे धूत होते. लायनलने सहज विचारलं, "रोवीना, सुरीला धार लावून देऊ का?"

"नको. तुझा हात ज्याला लागतो, ते नाहीसं होतं."

लायनलने हातातला मासा खाली ठेवला.

"काय नाहीसं झालं?"

"तू मला विचारतोस? माझ्या पलंगाखालून ताआचा एकेक शब्द उचलून नेतोस आणि वर मलाच विचारतोस?"

लायनलचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. राग नव्हता त्यात. घाबरला होता तो.

"शब्द जातायत?" तो हळू म्हणाला. "कॅसेटवरून?"

"नाटक पुरे!"

त्याने हात पुसले. खिशातून किल्ली काढून टेबलावर माशांच्या डोक्यांशेजारी ठेवली. "घे. आता मी तुझ्या अंगणात पाऊल टाकणार नाही. बघू, कोण येतं ते."

तो आला नाही. लाकडं रोवीनाच सारायला लागली. घराला कुलूप, डब्याला कुलूप, दोन्ही किल्ल्या तिच्या गळ्यात.

शब्द जातच राहिले.

आणि मग ती दुपार आली...

नदीवर धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. रोवीना धुरीघरात मासे टांगत होती. एकटीच. बाहेर तिचा कुत्रा पडला होता. तिच्या मनात पावसाचा शब्द घोळत होता. कॅसेटवरून तो जाऊन बरेच दिवस झाले होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोच शिकवायचा होता. तो तिला येत नव्हता असं नाही. लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द. तिने सहज मोठ्याने म्हणून बघितला.

टक टक.

तिचा हात हवेतच राहिला.

"लायनल," ती म्हणाली, "पुरे झालं हं."

ती बाहेर आली. परसात कुणी नव्हतं. ओल्या मातीवर तिच्या स्वतःच्या बुटांचे ठसे, बाकी काही नाही. कुत्रा मात्र उठून बसला होता. धुरीघराकडे तोंड करून. भुंकत नव्हता. शेपटी हलवत नव्हता. नुसता बघत होता... तिच्या मागे.

दुसरं कुणी असतं तर घरात पळालं असतं. रोवीना परत आत गेली. का गेली, ते तिनेच मला नंतर सांगितलं: "अगं, तो आवाज मी ओळखला. तसाच होता. फळीवर मुठीचा."

पण ताआची सुरी तर आम्ही ताआबरोबर दिली होती.

तिने शब्द पुन्हा म्हटला.

टक टक.

आवाज जरा घशात ओढला. टक टक. शेवट लांबवला. टक टक. जिभेला पीळ पडेस्तोवर तिने तो शब्द नाही नाही तसा फिरवला. घाम फुटला तिला त्या थंडीत. आणि मग एकदा, कसा कोण जाणे, तो वेगळाच निघाला. गुळगुळीत. पाण्याखालून आल्यासारखा.

थोडा वेळ काहीच नाही.

मग...

टक.

एकच.

रोवीना तिथेच, माशांच्या खाली, ओल्या जमिनीवर बसली आणि लहान मुलासारखी रडली. तिला कळलं होतं. एक टक म्हणजे बरोबर. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा ताआने तिला शाबासकी दिली होती.

त्या दिवसापासून मावशी बदलली.

कॅसेटवरून शब्द गेला की आता ती घाबरायची नाही. धुरीघरात जायची, दार ओढून घ्यायची. टक टक, टक टक, टक टक... टक. बाहेर यायची ती तोंड उजळून. गाणी गुणगुणायची. वर्गात पोरांना नवे गुळगुळीत शब्द द्यायची. पोरं पटापट उचलायची. आमची टेसा तर झोपेतही बोलायला लागली.

मी एकदा म्हटलं, "मावशी, पावसाचा शब्द आपण असा म्हणायचो का गं?"

"तू कधी नीट शिकलीस?" तिने मलाच झापलं. आणि खरंच होतं ते. मी काय बोलणार!

मार्चमध्ये डब्यात ताआचा एकही शब्द उरला नाही. सगळ्या कॅसेटवर रोवीनाचा आवाज, टक टक आणि खरखर. तेव्हा तिला पटलं की लायनलचं बरोबर होतं. ताआ आवाजासाठी अडली होती. एकेक शब्द करत आपला आवाज घेऊन चालली होती, आणि जाता जाता बदल्यात नातीला तो शिकवून जात होती. आता उरलेलं टरफलही तिला देऊन टाकावं. म्हणजे ती सुटेल.

ती लायनलच्या दारात गेली. हातात धुरावलेल्या माशांची पिशवी.

"काय आणलंस?" त्याने दार अर्धवट उघडून विचारलं.

"मासे. आणि माफी."

"मासे आत ठेव. माफी कमी पडेल."

"बरं मग, पुढच्या मोसमात तुझी सगळी लाकडं मी फोडते."

"आता कशी बोललीस!" त्याने दार पूर्ण उघडलं. पण तिने सगळं सांगितल्यावर त्याची थट्टा थांबली. "मॅडलीनला बोलाव," तो म्हणाला.

"नको. तिच्या तोंडावर मी खोटं बोलले होते. आता काय सांगू, डबा पलंगाखाली होता म्हणून? आपण दोघं करू."

"ती नसेल तर ताट घ्यायला कोण आलं, ते कळणार कसं?"

"ताआशिवाय कोण येणार?" रोवीना म्हणाली.

भर दुपारी नदीकाठी त्यांनी आग केली. ताट वाढलं, आधीच्यासारखंच. मग कॅसेट. प्लॅस्टिकचा काळा धूर निघाला. तो वर गेला नाही. जमिनीसरसा निघाला, पाण्यावर उतरला आणि सरळ पलीकडच्या काठाला जाऊन झाडांत शिरला. वारा नव्हता.

लायनल म्हणाला, "हे मला आवडलं नाही."

रोवीना मात्र हसत होती. तिला पलीकडून ऐकू आलं होतं.

टक.

इथे गोष्ट संपायला हवी होती. नाही का? आजीला तिचा आवाज मिळाला, नातीला भाषा मिळाली.

जूनमध्ये पोरांचा कार्यक्रम होता. सगळी वस्ती जमली. म्हाताऱ्यांना पुढे बसवलं होतं. त्यांत मॅडलीन. मॅडलीनला आमची भाषा पूर्ण कळायची, पण बोलायची ती इंग्रजीच. लहानपणी शाळेत आमची भाषा बोलल्याबद्दल तिला इतकं मारलं की तेव्हापासून तोंडातून तिचा शब्द निघतच नसे. कानात मात्र सगळं शाबूत.

पोरं बोलायला लागली. पाऊस, धूर, होडी, आजी, आजोबा. एका सुरात. टाळ्या पडत होत्या. मी टेसाकडे बघत होते. मग माझी नजर मॅडलीनकडे गेली.

तिने दोन्ही हातांनी कान झाकले होते.

ती उठली. काठी टेकत बाहेर निघाली. रोवीना तिच्यामागे धावली, आणि मी रोवीनामागे. बाहेर लायनल लाकडावर मासे भाजत होता.

"काय झालं?" रोवीना म्हणाली. "पोरं चुकली का?"

"कुणी शिकवलं त्यांना असं?"

इतके दिवस पोटात ठेवलेलं रोवीनाने सांगून टाकलं. डबा, कॅसेट, धुरीघर, नदीकाठचं ताट. "ताआने शिकवलं," ती म्हणाली. "ती परत आली होती, तिच्या आवाजासाठी."

मॅडलीनने काठी जमिनीत रोवली. मग फार सावकाश म्हणाली, "पोरी, तुमची ताआ पहिल्याच ताटाला जेवून गेली. मी बघितलं ना. पोटभर जेवली, चहा प्यायली, हात पुसले आणि गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही तिने. तिला काही नको होतं."

"पण... टक टक तर तिचीच होती. चुकलं की दोनदा. आणि बरोबर आलं की एकदा."

लायनलचा हात माशावर थांबला.

"बरोबर आलं की?" तो म्हणाला.

"हो. एकदा. टक."

"रोवीना," लायनल म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "बरोबर आल्यावर ताआ कधी काही वाजवायची?"

रोवीनाने मागे वळून सभागृहाच्या दाराकडे बघितलं.

भाजत्या माशाची चरबी आगीत ठिबकत होती. आतून पोरांचा आवाज येत होता, तो गुळगुळीत, पाण्याखालचा. मॅडलीन म्हणाली, "शब्द आपलेच आहेत. पण असं बोलणारं माणूस मी बघितलेलं नाही. माझी आजी धुक्यात आम्हाला नदीकाठी जाऊ द्यायची नाही. पलीकडून कुणी आपल्या भाषेत हाक मारली तरी ओ द्यायची नाही म्हणायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही."

मावशी त्या दिवशी म्हातारी झाली. मी बघितलं ते.

ताडून बघायला काही उरलं नव्हतं. कॅसेट तिने स्वतःच्या हाताने जाळल्या होत्या. नक्कल नव्हती. मॅडलीनला चूक कळायची, पण बरोबर काय ते म्हणून दाखवता यायचं नाही. प्रयत्न केला की घशातून नुसती हवा यायची. आणि मावशीचे स्वतःचे जुने शब्द? ते तिने हिवाळाभर, टक टक ऐकत, एकेक करून मोडले होते. आता कुठला आपला आणि कुठला त्याचा, तिलाच कळेना.

वर्ग बंद केला असता तर भाषा संपली असती. चालू ठेवला तर पोरांच्या तोंडात कोण बोलणार होतं, कुणास ठाऊक.

पण रोवीना ताआची नात होती.

ती तीन दिवस घरात बसली. चौथ्या दिवशी उठली, मॅडलीनला घेऊन धुरीघरात गेली. लायनल दारात उभा राहिला, मी टेसाला कडेवर घेऊन त्याच्यामागे. मॅडलीन ओंडक्यावर बसली. रोवीनाने पावसाचा शब्द म्हटला, तो नवा, गुळगुळीत.

टक.

मी तो पहिल्यांदाच ऐकला होता. लायनलने दाराची चौकट धरली.

मग रोवीनाने तो शब्द दुसऱ्या तऱ्हेने म्हटला. मग तिसऱ्या. मग डोळे मिटून, लहानपणी म्हणायची तसा, घशात अडकून सुटणारा.

टक टक! टक टक! टक टक!

मॅडलीनच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने मान डोलावली. हाच.

"कळलं मला," रोवीना धुराकडे बघून म्हणाली. "ज्याला तू चूक म्हणतोस, तोच आमचा."

तो सगळा उन्हाळा ती असं करत राहिली. एकेक शब्द घ्यायचा आणि फिरवायचा. ज्यावर टक टक व्हायची त्यातून मॅडलीन निवडायची. तो पोरांना. ज्यावर एकच टक व्हायची, तो टाकून द्यायचा. अशी ती शब्द परत खेचून आणत होती. पाऊस आला. धूर आला. होडी आली.

मग एक दिवस, ऑगस्टमध्ये, तिने आजीचा शब्द म्हटला...

काहीच वाजलं नाही.

पुन्हा म्हटला. वेगळा करून म्हटला. मुद्दाम चुकवून म्हटला.

काही नाही.

त्यानंतर आजवर तिथे कधी काही वाजलेलं नाही. मॅडलीन पुढच्याच हिवाळ्यात गेली. मावशीला जाऊनही आता सहा वर्षं झाली. दोघींची नावं पुढे दिली गेली आहेत, म्हणून ती इथे घेता आली. उरलेले शब्द तिने अंदाजाने, मनाला विचारून शिकवले. लायनल मामा अजून आहे; धुरीघर तोच बघतो, पण आत एकटा थांबत नाही. ताआचं नाव कुणाला द्यायचं म्हटलं की ते मोठ्याने उच्चारावं लागतं, चारचौघांत, साक्षीदारांसमोर. ते नेमकं कसं म्हणायचं यावर आमच्यातल्या दोघांचं एकमत होत नाही. म्हणून ते तसंच राहिलंय.

वर्ग आता माझी टेसा घेते. चांगली शिकवते. तिला ही सगळी गोष्ट माहीत आहे. तरी एक सवय तिला लागली आहे, आणि तिच्या वर्गातल्या पोरांनाही. शब्द म्हटला की सगळे क्षणभर थांबतात. कान देतात.

काही वाजत नाही.

मग पोरं हसतात आणि पुढच्या शब्दाकडे वळतात. त्यांच्या लेखी तो शब्द बरोबर आलेला असतो. कारण ताआ तशीच होती ना, हे आम्हीच त्यांना सांगितलंय. चुकलं की टक टक. बरोबर आलं की गप्प.

हे आम्ही वस्तीत सगळ्यांदेखत, मोठ्याने, कितीदा तरी बोललो आहोत. धुरीघराच्या दारातसुद्धा.

ऐकणाऱ्याने ते ऐकलंच असेल. आणि आता तोही गप्प आहे.